घरपट्टीच्या पावतीवरचे चिन्ह : ते येते कुठून आणि ठरवते कोण?

विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका मुलाने घरपट्टीची पावती पुढे ठेवली. आयटीआयला शिकणारा, फारसा न बोलणारा मुलगा. पावतीच्या डोक्यावर महापालिकेचे चिन्ह छापलेले होते. त्याचा प्रश्न सरळ होता. तहसीलच्या कागदावर आपल्या सम्राट अशोकाचे सिंह असतात, कलेक्टर ऑफिसच्या पाटीवर असतात, मग महापालिकेच्या पावतीवर का नाहीत? कोणी मुद्दाम काढले का?

वर्गात लगेच दोन तट पडले. काहींच्या मते मुद्दामच काढले असणार, दुसरे कारण काय? काहींचे म्हणणे, चिन्हाचे काय घेऊन बसलात, नळाला पाणी किती दिवसांनी येते ते विचारा. दोन्ही बाजूंचा आवाज चढला. मग आम्ही ठरवले की आधी कायदा काढून वाचायचा, इतिहास चाळायचा आणि मगच बोलायचे. हा लेख त्या वाचनातून तयार झाला आहे. नांदेड-लातूरकडच्या आपल्या तरुण कार्यकर्त्यांना तो उपयोगी पडेल असे वाटते, कारण हा प्रश्न जयंतीच्या बॅनरपासून संस्थेच्या लेटरहेडपर्यंत सगळीकडे येतो.

आधी सरळ उत्तर. सिंह कोणी काढलेले नाहीत. ते तिथे लावायलाच कायद्याने मनाई आहे. भारताच्या राजचिन्हाच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा कायदा संसदेने 2005 मध्ये केला आणि वापराचे नियम 2007 मध्ये आले. राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, संसद, न्यायालये, सरकारी खाती अशी अधिकार असलेल्यांची यादी त्या नियमांत आहे. त्या यादीबाहेरच्या कोणालाही सिंहमुद्रा वापरता येत नाही. मनाई असलेल्यांत नियमांनी नगरपरिषदा, पंचायत राज संस्था, बँका, विद्यापीठे आणि स्वयंसेवी संस्था यांची नावे स्पष्ट घेतली आहेत. माजी मंत्री, माजी आमदार-खासदार, निवृत्त न्यायाधीश आणि निवृत्त अधिकारी यांनाही ती बंद आहे. आपल्याकडे गाडीच्या काचेवर सिंह चिकटवून फिरणारे माजी पदाधिकारी किती दिसतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

म्हणजे सिंहमुद्रा हे भारतीय राज्यसंस्थेचे चिन्ह. महापालिका ही स्थानिक लोकांनी निवडलेली वेगळी संस्था, म्हणून तिला स्वतःचे चिन्ह लागते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 चा आणि नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरींचा अधिनियम 1965 चा. दोन्ही कायदे म्हणतात की ही संस्था एक कायदेशीर व्यक्ती आहे, नगरसेवक बदलले तरी ती अखंड चालते आणि तिची स्वतःची सामाईक मोहोर असते. अध्यक्ष-महापौर येतात-जातात, मोहोर राहते. 2022 नंतर मराठवाड्यासह राज्यभरातल्या बहुतेक महापालिकांत काही वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. तेव्हाही जन्मदाखल्यावर शिक्का पडतच होता. चिन्ह कोणाच्या खुर्चीला बांधलेले नसते, ते यावरून कळावे.

मात्र मोहोर असावी एवढेच कायदा सांगतो. तिच्यावर काय असावे ते सांगत नाही. नदी असावी, किल्ला असावा, गिरणी असावी, कणीस असावे की चक्र असावे, हे ते शहर ठरवते. देशाचे चिन्ह दिल्लीत ठरले, राज्याचे मुंबईत. आपल्या हाताच्या अंतरावर ठरणारे चिन्ह एकच, गावाचे. आणि नेमके त्याच्याकडेच आपण पाहत नाही.

या चिन्हाला मराठीत शब्द तरी किती! शाळेत आपण बोधचिन्ह म्हणतो. सरकारी कागदात मुद्रा, मोहोर, शिक्का असतो. जुन्या ताम्रपटांच्या अभ्यासात 'लांछन' असतो. आज लांछन म्हणजे कलंक, पण मुळात त्याचा अर्थ ओळखखूण एवढाच. बदामीचे चालुक्य वराहलांछन, कारण त्यांच्या मुद्रेवर वराह. राष्ट्रकूटांचे लांछन गरुड. हे राष्ट्रकूट आपल्याला परके नाहीत. त्यांच्या बिरुदांतले 'लट्टलूर' म्हणजे आजचे लातूर असे इतिहासकार मानतात, आणि नांदेड जिल्ह्यातले कंधार हे त्यांच्या काळातले मोठे ठाणे. राजाने दान दिले की ताम्रपटाच्या कडीवर लांछन उमटवायचे, म्हणजे दानाला सरकारी मान्यता. आजच्या सात-बाराच्या शिक्क्याचे काम तेव्हा गरुड करत होता.

ढालीच्या आकाराचे जे चिन्ह आपण अनेक शहरांच्या आणि शाळांच्या कागदावर पाहतो, त्याचा उगम मात्र युरोपातला. लोखंडी चिलखत आणि शिरस्त्राण घातलेला सरदार ओळखू येत नसे, म्हणून ढालीवर आणि चिलखतावरच्या अंगरख्यावर खूण रंगवत. त्या अंगरख्यावरूनच इंग्रजीत या प्रकाराला 'कोट ऑफ आर्म्स' म्हणतात. पुढे ती खूण घराण्याची झाली, मग शहरांची. हिंदुस्थानात ती इंग्रजांबरोबर आली. 1877 च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना रेशमी निशाणे वाटली गेली आणि त्यांवरची ढालचिन्हे रॉबर्ट टेलर नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने काढून दिली होती. शेकडो वर्षे राज्य केलेल्या घराण्यांची ओळख एका मुलकी अधिकाऱ्याने रेखाटून हातात द्यायची, हा मानही होता आणि ताबाही होता. ज्याला चिन्ह देता येते तो वरचा, ज्याला ते घ्यावे लागते तो खालचा. आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण संस्थेने स्वतःची मोहोर स्वतः ठरवणे ही गोष्ट आपण इंग्रजांकडून शिकलो, असे मात्र नाही. नालंदा महाविहाराच्या उत्खननात मातीच्या मुद्रा मोठ्या संख्येने सापडल्या. त्यांवर मधोमध धम्मचक्र, दोन्ही बाजूंना बसलेली हरणे आणि खाली अक्षरे : श्री नालंदा महाविहारीय आर्य भिक्षु संघस्य. हरणे म्हणजे सारनाथचे मृगदाव, जिथे तथागतांनी पहिला उपदेश केला. आता त्या अक्षरांतला शेवटचा शब्द पाहा. मोहोर कोणा राजाची नाही, महास्थविरांच्या नावाची नाही. ती संघाची आहे. भिक्खू बदलतील, संघ राहील, मोहोर राहील. 1949 चा कायदा ज्याला सामाईक मोहोर म्हणतो, ती हीच कल्पना. कुशीनगरची ओळख पक्की व्हायलाही महापरिनिर्वाण विहाराच्या अशाच मातीच्या मुद्रा उपयोगी पडल्या.

आपल्या मराठी मुलखातला पुरावा तर याहून जुना आहे. नाशिकच्या लेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा पहिला भाग. उषवदाताने भिक्खूसंघासाठी 3000 कार्षापण दिले. ही रक्कम त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली, 2000 एकीकडे आणि 1000 दुसरीकडे. पहिलीचे व्याज महिना शेकडा एक, दुसरीचे शेकडा पाऊण. त्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवराचे पैसे मिळायचे. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. आणि शेवटी लेख सांगतो की हे सर्व निगमसभेत जाहीर वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवले. निगमसभा म्हणजे नगराची सभा. हिंदी पट्ट्यात महापालिकेला आजही नगर निगम म्हणतात, तो शब्द इथला. राजाचा जावई असला तरी त्याच्या दानाची नोंद नगराच्या सभेत व्हावी लागत होती, आणि पैसा सांभाळायला विणकर होते. आम्हाला विचाराल तर लेण्यांच्या सहलीत फोटो काढण्याआधी मुलांना हा एक लेख वाचून दाखवावा.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत जे भाषण केले, त्यात बौद्ध संघाचा हा धागा आहे. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे संसदीय कारभाराचे सगळे नियम संघाला माहीत होते आणि संघ ते पाळत होता, असे त्यांनी सांगितले. त्या काळच्या राजकीय सभांतूनच हे नियम आले असावेत, असेही त्यांचे मत होते. पालिकेच्या सर्वसाधारण सभेत 'ठराव क्रमांक अमुक, सूचक अमुक, अनुमोदक अमुक' असे वाचताना ही परंपरा आठवायला हरकत नाही.

आता मराठवाड्याकडे येऊ. आपल्या आजोबांच्या हातात कोणते चिन्ह होते? सिंह नव्हते. नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. बाजारात चालायचा हाली सिक्का, त्याच्यावर चारमिनार. संस्थानाच्या पिवळ्या निशाणावर मधोमध पांढरे वर्तुळ. ते वर्तुळ म्हणजे कुलचा, भाकरीचा भाऊ. पहिल्या निजामाला एका सुफी संताने कुलचे खाऊ घातले आणि जितके खाल्लेस तितक्या पिढ्या राज्य करशील असे म्हटले, अशी आख्यायिका त्यामागे आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, राज्याने आपल्या निशाणावर भाकरी लावली हे आम्हाला त्यातल्या त्यात बरे वाटते. फक्त ती भाकरी गावकुसाबाहेर किती पोहोचली, हे आपल्या आज्यांना विचारावे.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आले आणि 26 जानेवारी 1950 ला सिंहमुद्रा देशाचे राजचिन्ह झाली. चारमिनारच्या जागी अशोक आला. पण अशोक इथे नवखा नव्हता. त्याच निजामाच्या राज्यात, रायचूर जिल्ह्यातल्या मस्की इथे 1915 मध्ये एक शिलालेख सापडला. तोपर्यंत मिळालेल्या लेखांत 'देवानंपिय पियदसी' अशी उपाधीच यायची. मस्कीच्या लेखात 'असोक' हे नाव आले आणि देवानंपिय म्हणजे अशोकच, हे पक्के झाले. कलबुर्गी जिल्ह्यात कनगनहळ्ळीच्या स्तूपावर तर राणीसह उभ्या असलेल्या राजाचे शिल्प आहे आणि वर ब्राह्मीत नाव कोरले आहे, 'रायो असोको'. लातूरहून कलबुर्गी म्हणजे शेजारच. दुसऱ्या बाजूला तेर, जुने तगर. तिथल्या उत्खननात स्तूपाचे अवशेष निघाले आणि तिथले विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होते असे अभ्यासकांनी मांडले आहे. सारनाथ इथून लांब आहे, अशोक आणि धम्म लांब नव्हते.

आता ती सिंहमुद्रा नीट पाहू, कारण ती रोज पाहूनही आपण वाचत नाही. सारनाथला 1904-05 मध्ये ओर्टेल नावाच्या अभियंत्याने उत्खनन केले, तेव्हा अशोकस्तंभाचे हे शीर्ष मिळाले. चुनारचा वालुकाश्म, मौर्यकाळातली ती प्रसिद्ध आरशासारखी झिलई, उंची सुमारे सात फूट. आज ते सारनाथच्याच संग्रहालयात आहे. पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह. सपाट चित्रात तीन दिसतात, चौथा मागे राहतो. सिंहांच्या पायाखाली गोल पट्टी, तिच्यावर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह हे चार प्राणी, दोन-दोन प्राण्यांच्या मध्ये एक चक्र. त्या चक्राला 24 आरे, तेच आपल्या तिरंग्यावर आले. राजचिन्हात समोर चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा आणि दोन्ही टोकांना चक्रांच्या कडा दिसतात.

अर्थ कसा लावायचा? तथागतांना शाक्यसिंह म्हणतात आणि त्यांच्या उपदेशाला सिंहनाद. चार दिशांना तोंड करून बसलेले सिंह म्हणजे चारी दिशांना गेलेला धम्म, हा सगळ्यांत सरळ अर्थ. प्राण्यांबाबत मते अनेक आहेत. हत्ती महामायेच्या स्वप्नातला, घोडा गृहत्यागाच्या रात्रीचा कंथक, असा बुद्धचरित्राला धरून अर्थ काही जण लावतात. काही जण त्यांना चार दिशांची चिन्हे मानतात. पहिला अर्थ आम्हाला जवळचा वाटतो, पण वादात तोच एक खरा म्हणून टेबल आपटू नये.

खरी मेख पुढे आहे. मूळ शीर्षात सिंह सर्वांत वर नव्हते. त्यांच्या खांद्यांवर एक मोठे धम्मचक्र होते. त्याचे तुकडे उत्खननात मिळाले आणि त्याला 32 आरे होते असे अभ्यासक सांगतात. म्हणजे मूळ रचनेत सिंहांची ताकद चक्र पेलण्यासाठी होती. बळाच्या वर धम्म, खाली बळ. राजचिन्हात ते वरचे चक्र आलेले नाही, कारण मिळालेले शीर्षच तुटलेले होते. खालचे उलटे घंटाकार कमळही मुद्दाम वगळले गेले. आणि पट्टीच्या खाली देवनागरीत 'सत्यमेव जयते' आले, ते मुंडक उपनिषदातले. अशोकाच्या स्तंभाखाली उपनिषदातले वचन, यावर आपल्यात अनेकांना राग येतो. आम्हाला रागापेक्षा वाचन महत्त्वाचे वाटते. चिन्ह नेहमी असेच बनते. एक गोष्ट इथून, एक तिथून घेतली जाते आणि काहीतरी गाळले जाते. काय गाळले, हे पाहणाऱ्याला ठाऊक हवे.

हे रेखाटन शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली दीनानाथ भार्गव या तरुण विद्यार्थ्याने केले. सिंहांचे हावभाव जमावेत म्हणून तो कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन सिंह पाहत बसे. 2022 मध्ये नव्या संसद भवनावर साडेसहा मीटर उंचीची कांस्य सिंहमुद्रा बसवली, तेव्हा सिंह फार उग्र झाले म्हणून वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने याचिका फेटाळली. सिंह शांत की रागीट यावर देशभर चर्चा झाली, पण त्यांच्या खांद्यावरच्या हरवलेल्या चक्राचा विषय कोणी काढल्याचे आमच्या कानावर आले नाही.

तिरंग्यावरच्या चक्राबाबत एक नोंद इथे करायला हवी. ध्वज ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद होते आणि सदस्यांत बाबासाहेब होते. 22 जुलै 1947 ला संविधान सभेने चरख्याच्या जागी चक्र असलेला ध्वज स्वीकारला. चक्र बाबासाहेबांनी एकट्याने आणले, असे आपल्या भाषणांत सांगितले जाते. समितीचा निर्णय समितीचा म्हणूनच सांगावा. त्या खोलीत ते होते, हे पुरेसे मोठे आहे.

शहराने आपले चिन्ह कसे बदलले याचे सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण मुंबईचे. इंग्रजी अमदानीत मुंबईचे ब्रीद लॅटिनमध्ये होते : 'उर्ब्स प्रिमा इन इंडिस', म्हणजे हिंदुस्थानातले पहिले शहर. बोरीबंदरसमोरच्या पालिका मुख्यालयाच्या दर्शनी भागावर याच नावाची पंख असलेली स्त्रीमूर्ती आहे. ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने बांधली आणि ती 1893 मध्ये पूर्ण झाली. ज्या गिरणी कामगारांनी शहर पहिले केले, त्यांतल्या किती जणांना ते लॅटिन वाचता येत होते? आज मुंबई पालिकेच्या चिन्हाखाली 'यतो धर्मस्ततो जयः' आहे. मूळ महाभारतातले, आणि सर्वोच्च न्यायालयाचे ब्रीदही तेच. लॅटिन जाऊन संस्कृत आले. चाळीतल्या माणसासाठी अक्षरे ओळखीची झाली, अर्थ पंडितालाच विचारावा लागला. आणि 'धर्म' या शब्दाचा अर्थ कोणता घ्यायचा, हा प्रश्न बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात किती बारकाईने सोडवला आहे, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. महाराष्ट्र शासनाच्या स्वतःच्या मुद्रेवर समई आहे आणि भोवतीचा संस्कृत मजकूर शिवरायांच्या राजमुद्रेच्या धर्तीवर बेतलेला आहे. चंद्राच्या कलेसारखी वाढणारी ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी आहे, असा त्याचा आशय. मूळ शिवमुद्राही संस्कृतमध्ये आहे आणि तिचाही भर कल्याणावरच आहे.

चिन्ह आणि नाव यांची किंमत मराठवाड्याइतकी क्वचितच कोणी मोजली असेल. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव आपली घरे पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना त्यात जीव गमवावा लागला. 1993 मध्ये नांदेडमध्येच गौतम वाघमारेंनी आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. ठराव ते पाटी, या प्रवासाला जवळपास सोळा वर्षे लागली. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले.

एका पाटीवरच्या नावासाठी एवढे झाले. त्या तुलनेत पालिकेचे चिन्ह कसे ठरते? बहुतेक वेळा सभेच्या विषयपत्रिकेत खालच्या बाजूला एक ओळ असते, चित्र फिरवले जाते, 'सर्वानुमते मंजूर' होते आणि पुढचा विषय येतो. पुढे ते चिन्ह जन्माच्या दाखल्यावर, मृत्यूच्या दाखल्यावर, कचरागाडीवर आणि स्मशानभूमीच्या कमानीवर पिढ्यान्‌पिढ्या राहते. त्या सभेला प्रेक्षक म्हणून आपण कोणी गेलेलो नसतो. नांदेड-वाघाळा महापालिका 1997 मध्ये झाली, लातूरची 2011 मध्ये. चाकूर, जळकोट, देवणी, हिमायतनगर, नायगाव इथे गेल्या काही वर्षांत ग्रामपंचायतीच्या नगरपंचायती झाल्या. दर नव्या संस्थेला नवी मोहोर लागते, म्हणजे दर वेळी हा निर्णय नव्याने होतो.

तिथे आपण काय मागावे, यावर आमच्यात एकमत नाही. काहींना चक्र हवे. आमचे मत थोडे वेगळे आहे. पालिका सर्वांची आहे. शीख बांधवांचा हजूर साहिब, मुस्लिम मोहल्ले, लिंगायत मठ, आपले विहार, सगळे तिच्याच नळाचे पाणी पितात. अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात दुसऱ्यांच्या पंथाचाही मान राखायला सांगितले, ते लक्षात ठेवून मागणी करावी. आम्हाला तर चिन्हात काम दिसले पाहिजे असे वाटते. गोदावरी जरूर असावी, पण तिच्या काठावर पहाटे झाडू मारणारी बाईही असावी. लातूरच्या चिन्हावर 2016 चा अनुभव काढायचा झाला, तर मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे काढावी लागेल. हसण्यावारी नेऊ नका, कुलच्याइतके ते नक्कीच प्रामाणिक ठरेल.

कार्यकर्त्यांसाठी एक सावधगिरीची सूचना, कारण प्रेमापोटी चुका होतात. मंडळाच्या लेटरहेडवर, जयंतीच्या पावतीपुस्तकावर, संघटनेच्या ओळखपत्रावर राजचिन्हातली सिंहमुद्रा छापू नका. 2005 च्या कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 'अशोक आमचाच आहे' हे पोलीस ठाण्यात उत्तर होत नाही. दुकानाच्या किंवा धंद्याच्या नावात अशोकचक्र वापरण्यावर 1950 चा वेगळा कायदा आहे, तोही लक्षात ठेवावा. विहाराच्या कमानीवर धम्मचक्र कोरायला मात्र कोणाची हरकत असायचे कारण नाही. शिल्पकाराला नालंदेच्या मुद्रेचा फोटो द्या, चक्र आणि दोन हरणे. सुंदर दिसते.

आणि त्या मुलाच्या पावतीचे काय? आपल्या शहराचे चिन्ह कोणत्या ठरावाने, कोणत्या तारखेला स्वीकारले, चित्र कोणी काढले आणि त्यातल्या प्रत्येक खुणेचा अर्थ काय नोंदवला आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्ज जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात मजकूर दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर. उत्तराची मुदत 30 दिवस. पुढच्या रविवारी त्याने अर्ज लिहून आणला. 'अशोकाचे सिंह का नाहीत' हे वाक्य त्याने स्वतःच खोडले होते. सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागायची राहिली होती, ती आम्ही खाली पेनाने वाढवली.